जावातल्या सासुरवाडीच्या शेतात पैसे घालावेत का?

रानवाट

मी मूळचा साताऱ्याचा, अकरा वर्षांपासून नोकरीसाठी जकार्तात आहे. बायको मध्य जावातल्या वोनोगिरी जिल्ह्यातली. सासऱ्यांनी सत्तरी ओलांडली आहे. गावात त्यांचे घर आहे, मागे नारळ, केळी, शेवगा, आणि 18 गुंठे ‘सावाह’, म्हणजे पाण्याखालचे भातखाचर. ते गावातलाच एक शेतकरी ‘मारो’ने करतो. मारो म्हणजे आपला अर्धेलीचा वाटा. आता शेजारचे 15 गुंठे विकायला निघाले आहेत आणि आम्ही ते घ्यावेत अशी सासऱ्यांची फार इच्छा आहे.

माझे मत: घ्यावेत, आणि चार-पाच वर्षांत तिकडे राहायला जावे. गेल्या वर्षी घराची कौले उतरवून नवे वासे घातले, तेव्हा सगळी आळी ‘साम्बातान’ला आली. मजुरी कोणी घेतली नाही, फक्त जेवण आणि गोड चहा. जकार्तात माझ्या भिंतीपलीकडे कोण राहते ते मला अजून माहीत नाही. सोलो शहर तासाभरावर आहे, म्हणजे दवाखान्याची चिंता नाही. घरी मात्र यावरून दोन तट पडलेत. तुम्हाला काय वाटते?

हिशेबी

राहायला जरूर जा, पण जमीन घेऊ नका. सरकारने 2025 मध्ये ओल्या भाताचा खरेदीभाव किलोला 6,500 रुपिया ठरवला. हेक्टरी सहा टन धरले तर तुमच्या 15 गुंठ्यांत एका हंगामाला 900 किलो, म्हणजे साडेअठ्ठावन्न लाख रुपिया. आकडा मोठा दिसतो, पण एका रुपयाला 190 रुपिया पकडा आणि अर्धेली काढा. हातात पंधरा हजार रुपयांच्या आसपास राहतात, त्यातून खत-बियाण्याचा वाटा वेगळा. वर्षाला दोन पिके आली तरी जकार्तातले दीड-दोन महिन्यांचे घरभाडे निघेल. भाव काय सांगितलाय ते तुम्ही लिहिले नाही, पण या उत्पन्नावर मुद्दल फिटायला एक पिढी जाईल.

आणि जमीन ‘तुमची’ कधीच होणार नाही. इंडोनेशियाच्या 1960 च्या मूळ जमीन कायद्यात ‘हाक मिलिक’, म्हणजे पूर्ण मालकी, फक्त नागरिकाला आहे. परदेशी माणसाला राहत्या घरापुरता ‘हाक पाकाई’ हा वापरहक्क मिळतो. पहिली 30 वर्षे, मग 20, मग पुन्हा 30, त्यालाही किमान किमतीची अट. भातखाचर त्यात बसत नाही.

बांधावरची

हिशेबीदादा, आकडे बरोबर आहेत, पण तुम्ही जमीन मुदत ठेवीसारखी मोजताय. मी मध्य जावातल्याच क्लातेनजवळच्या एका गावात सहा वर्षे सून म्हणून राहिले. तिथे ज्याला खाचर आहे त्याला कालव्याच्या पाळीच्या बैठकीत जागा असते. सुगीनंतरच्या ‘बर्सिह देसा’ला, म्हणजे गावशुद्धीच्या उत्सवाला, त्याच्याकडे वर्गणी मागायला येतात. ‘मागायला येतात’ हे तिथे मानाचे आहे. जमीन नसलेला परदेशी जावई कितीही वर्षे राहिला तरी पाहुणाच.

रानवाट, तुमच्या कागदांबद्दल मात्र मला काळजी वाटते. सासऱ्यांचे 18 गुंठे बायकोला वारशाने किंवा बक्षीस म्हणून मिळाले तर ते तिचे स्वतंत्र धन. 1974 च्या विवाह कायद्यात तसे आहे, तुमचा त्यावर हक्क येत नाही आणि म्हणून अडचणही येत नाही. पण लग्नानंतर विकत घेतलेली जमीन दोघांची सामाईक धरली जाते, आणि सामाईक म्हटले की परदेशी नवऱ्याचा हात लागला. आम्ही लग्नाआधी मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार केला नव्हता. 2016 मध्ये घटना न्यायालयाने निकाल दिला की असा करार लग्नानंतरही करता येतो, तेव्हा कुठे आमची वाट मोकळी झाली. आधी नोटरीकडे जा, मग इसार द्या. कोणी म्हणेल मेहुण्याच्या नावावर घ्या, तर ते अजिबात ऐकू नका. परदेशी माणसाने आडून घेतलेली जमीन उघड झाली तर व्यवहार रद्द होतो आणि जमीन सरकारजमा.

वाटाड्या

एक मुद्दा सगळ्यांनी सोडलाय. वहिनींचे ओळखपत्र कुठले आहे, जकार्ताचे की गावचे? 1961 च्या नियमानुसार शेतजमिनीचा मालक त्याच ‘कचामातान’मध्ये राहणारा हवा. कचामातान म्हणजे आपल्या तालुक्याहून लहान विभाग. बाहेर राहून शेती ठेवणे कायद्याला मंजूर नाही. पुष्कळ लोक गावचे ओळखपत्र तसेच ठेवून निभावतात, पण त्या भरवशावर आयुष्याची पुंजी लावू नये.

उताराही बघा. गावच्या वहीतली ‘लेतर सी’ची नोंद म्हणजे मालकी नव्हे. 2021 च्या नियमाने असल्या जुन्या कागदांना नोंदणीसाठी पाच वर्षांची मुदत दिली होती. विकणाऱ्याकडे ‘सर्तिफिकात’, म्हणजे मालकीचा सरकारी दाखला, नसेल तर बोलणी तिथेच थांबवा.

शिवार

मला राग येतोय, आणि तो लपवत नाही. एवढ्या चर्चेत कोणीच विचारले नाही की ते 15 गुंठे विकतोय कोण आणि आज कसतोय कोण. जावात अर्ध्या हेक्टरखालच्या शेतकऱ्याला ‘पेतानी गुरेम’ म्हणतात, आणि गावेच्या गावे त्यांचीच आहेत. वोनोगिरीची माणसे बाक्सो (मांसाच्या गोळ्यांचे सूप) आणि जामूच्या (जडीबुटीचा काढा) गाड्या लावायला पिढ्यानपिढ्या जकार्ताला जातात, ईदला परततात आणि कमाई घरावर घालतात. शहराच्या पगारातून एकाने भाव चढवला की शेजारच्या कष्टकऱ्याला एक गुंठाही घेता येत नाही. तुम्हाला गावपण हवे आहे, ठीक. पण ते ज्यांच्या अंगावर उभे आहे त्यांनाच तुम्ही बाजूला सारणार आहात.

हिशेबी

शिवार, हे पटले. फक्त गावातली जमीन गावातच राहिली म्हणजे शेतकरी टिकला, असेही नाही. पूर्व जावाच्या तुबान जिल्ह्यातले सुमुरगनेंग गाव आठवा. 2021 मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी जमिनी गेल्या, भरपाई मिळाली आणि गावात एका दमात शंभरावर नव्या गाड्या आल्या. बातम्यांत सगळे हसले. वर्षभरात त्यातलेच काही लोक रोजगार मागत प्रकल्पाच्या दारात उभे होते.

बांधावरची

वोनोगिरीत तर हे आधीच घडून गेलंय. गाजाह मुंगकुर धरणासाठी 1976 पासून गावेच्या गावे उठवली, हजारो कुटुंबे पश्चिम सुमात्रातल्या सितिउंगला नेऊन बसवली. कोयनेच्या आणि उजनीच्या माणसांना यातले दुःख समजावून सांगायला नको. म्हणूनच तिथला म्हातारा माणूस खाचर शेजारातच राहावे यासाठी एवढा धडपडतो. सासऱ्यांची इच्छा नुसत्या हव्यासाची नसेल, रानवाट. त्यांच्याशी एकदा शांतपणे बोला.

आणि खर्चात एक रकाना वाढवा, ‘न्युम्बांग’. लग्न, बारसे, सुंता, मयत, प्रत्येक ठिकाणी पाकीट. जावी पंचांगातल्या बसार महिन्यात लग्ने इतकी दाट येतात की आमच्याकडे तांदूळ विकून पाकिटे भरलेली मी पाहिली आहेत. आपल्या आहेरासारखेच, पण कोणी किती दिले हे वहीत राहते आणि तुमच्या घरच्या कार्यात तेवढे परत येते. देणे चुकवले तर तोंडावर कोणी काही बोलत नाही. पुढच्या साम्बातानला माणसे कमी येतात, बस्स.

वाटाड्या

मुलांचेही लिहून ठेवतो. मिश्र लग्नातल्या मुलाला इंडोनेशिया 18 वर्षांपर्यंत दोन नागरिकत्वे ठेवू देते, 21 च्या आत एक निवडावे लागते. भारत तर दुसरे चालवूनच घेत नाही. उद्या मुलाने भारत निवडला तर आईची जमीन त्याला वर्षभरात सोडावी लागेल. देव न करो, पण वहिनींचे आधी काही झाले तर तुम्हालाही तोच एक वर्षाचा नियम.

रानवाट

सगळ्यांचे आभार. शिवार, तुमच्या प्रश्नाने दोन रात्री झोप लागली नाही. काल सासऱ्यांना फोन करून तोच विचारला. ते 15 गुंठे एका विधवा बाईंचे आहेत, मुलगी तैवानमध्ये घरकामाला असते. आणि तेही खाचर आमचाच मारोवाला बारा वर्षे कसतोय. सासऱ्यांनी हे मला आधी सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते.

बायकोचे ओळखपत्र जकार्ताचेच आहे. म्हणजे आज तरी ती जमीन आमची होऊ शकत नाही. मी सासऱ्यांना म्हटले की घ्यायचीच तर मारोवाल्याने घ्यावी, कमी पडेल ते आपण बिनव्याजी देऊ. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तो घेणार नाही, त्याला उपकार वाटेल. तू इथे राहायला ये, चार सुग्या त्याच्याबरोबर कर, मग विचार.”

शिवार

चार सुग्या म्हणजे दोन वर्षे. तोवर ती बाई थांबेल का?

रानवाट

तेच विचारायला बायको या शनिवारी गावी जातेय.