लेवीयातलं एक वचन पक्कं आणि बाकीची पुसली, हे कोणी ठरवलं?

शंकासुर: गे लोकांचा विषय निघाला की लगेच लेवीय (बायबलच्या जुन्या करारातलं नियमांचं पुस्तक) १८:२२ पुढे येतं, पुरुषाने पुरुषाशी स्त्रीसारखा संग करू नये, आणि २०:१३ मध्ये तर थेट देहान्त शिक्षा. बरं, पण त्याच पुस्तकात ११व्या अध्यायात डुक्कर वर्ज्य आहे, खवले नसलेले जलचर वर्ज्य आहेत, १९:१९ मध्ये दोन जातींच्या धाग्यांचं कापड घालू नका म्हटलंय, ते कोण पाळतं? वचनं निवडताय तर निवडा, पण कशाच्या आधारावर ते तरी सांगा.

जुनाच करार: हा कापडाचा मुद्दा दर वेळी येतो आणि दर वेळी उत्तरही दिलेलं असतं. मोशेच्या नियमशास्त्रात तीन प्रकार मानतात, नैतिक नियम, उपासनाविधीचे आणि इस्राएलच्या न्यायव्यवस्थेचे. थॉमस अक्वायनसने १३व्या शतकात ते नीट मांडलं, पुढे प्रोटेस्टंटांनीही उचललं. खाणंपिणं आणि कपडे विधीत आले, ते ख्रिस्तात पूर्ण झाले म्हणजे आता बंधनकारक नाहीत, देहान्त शिक्षा न्यायव्यवस्थेची म्हणून तीही गेली, नैतिक तेवढे राहिले. नव्या करारातल्या कृत्ये १० मधला, येशूचा शिष्य पेत्र याचा दृष्टान्त आठवा, देव त्याला अशुद्ध मानलेलं खायला सांगतो, ती चादर प्राण्यांनी भरलेली होती, शय्येबद्दल त्यात काही नाही.

शंकासुर: पण हे तीन कप्पे लेवीयात आहेत कुठे? १९:१८ म्हणतं शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर आणि लगेच पुढचं वचन कापडाचं, मध्ये 'नैतिक विभाग समाप्त' अशी पाटी नाही. आणि १८व्या अध्यायातच तीन वचनं आधी, १८:१९, पाळीच्या काळात स्त्रीजवळ जाऊ नको. तोही शय्येचाच नियम ना? त्यावरून कोणाला मंडळीतून काढल्याचं ऐकलंय?

ग्रीकचा नाद: दोघंही जुन्या करारात अडकलात. खरी गाठ पौलाकडे, नव्या करारातली पत्रं लिहिणाऱ्या प्रेषिताकडे, आहे. करिंथकरांस पहिलं पत्र ६:९ मध्ये तो 'आर्सेनोकोइताय' असा शब्द वापरतो जो त्याच्या आधी कुठे सापडत नाही, आणि लेवीय २०:१३ च्या जुन्या ग्रीक भाषांतरात 'आर्सेनोस' (पुरुष) आणि 'कोइतेन' (शय्या) हे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत, म्हणजे शब्द तिथूनच जुळवला असण्याची शक्यता भरपूर. हे जुनाच करार यांच्या बाजूने जातं. आता पौलाच्या डोळ्यासमोर नेमकं काय होतं, गुलामांचा उपभोग, पोरं ठेवणं, की सरसकट सगळंच, यावर अभ्यासक अजून भांडतायत. इंग्रजी रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जनने १९४६ मध्ये तिथे सरळ 'होमोसेक्शुअल्स' छापलं आणि १९७१ च्या आवृत्तीत स्वतःच बदललं, यावरून कळेल किती घोळ आहे.

जुनाच करार: धन्यवाद. आणि कृत्ये १५ घ्या. यरुशलेमेतल्या सभेने परराष्ट्रीय (यहुदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांना सुंता माफ केली पण चार गोष्टी टाळायला सांगितल्या, मूर्तींना वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म. लेवीय १७ आणि १८ मध्ये परदेशीयांनाही लागू असलेले नियम जवळपास हेच, त्यामुळे जारकर्म म्हणजे १८वा अध्याय असं अनेकजण मानतात. मनमानी नाहीये ती.

शंकासुर: अहो मग त्या चारातलं रक्त आणि गळा दाबलेलं, पश्चिमेकडच्या चर्चनी ते कधीच सोडून दिलं की! चाराच्या यादीतले दोन गायब आणि म्हणे मनमानी नाही.

वाटसरू: षंढांचं बघा. अनुवाद (हेही जुन्या करारातलं नियमांचं पुस्तक) २३:१ म्हणतं अशाला मंडळीत घेऊ नका, यशया ५६ म्हणतं देव त्याला मुलांपेक्षा मोठं नाव देईल, आणि कृत्ये ८ मध्ये फिलिप्प कूशी षंढाला रस्त्यातच बाप्तिस्मा देतो. म्हणजे बायबलच्या आतच नियम सरकलाय.

जुनाच करार: षंढ असणं हे कृत्य नाही. तुलना चुकली.

मागच्या बाकावरचा: मी गे आहे आणि अजून चर्चला जातो, म्हणून लिहितोय, नाहीतर असल्या वादात पडत नाही. कॅथलिक शिकवण (कॅटेकिझम या अधिकृत शिकवणीच्या ग्रंथातले परिच्छेद २३५७ ते २३५९) म्हणते की आम्हाला आदराने वागवा आणि आम्ही ब्रह्मचर्य पाळावं. डिसेंबर २०२३ मध्ये रोमने (व्हॅटिकनने) समलिंगी जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायला हरकत नाही म्हटलं, लग्नाचा विधी मात्र नाही. ठीक, निदान काय पाळायचं ते स्पष्ट आहे. मला खुपतं ते वेगळंच. मत्तय १९:९ येशूच्या स्वतःच्या तोंडचं आहे, व्यभिचाराचं कारण सोडून बायकोला टाकून दुसरी केली तर तो व्यभिचार. माझ्या चर्चमध्ये घटस्फोट घेऊन दुसरं लग्न केलेले लोक कमिटीवर आहेत, आणि व्हावेतच, चांगली माणसं आहेत ती, पण त्यांच्यासाठी 'परिस्थिती समजून घ्या' आणि माझ्यासाठी अध्याय आणि वचन.

जुनाच करार: तिथे ढिलाई झाली हे मी नाकारत नाही, चुकलंच ते. पण एका ठिकाणी ढिलाई केली म्हणून दुसरीकडेही करा, हे काही कारण होत नाही.

मागच्या बाकावरचा: कारण नाही मागत. ढिलाई कोणाच्या वाट्याला आली आणि कोणाच्या नाही, तेवढंच बघा म्हणतोय.