मदत हवी आहे: ऱ्हो, रॅक, सीडीसी४२ आणि पेशीची 'पुढची बाजू'

रुईची_लेक
नमस्कार. मी नांदेडला जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करते, गाव मानवतकडं. वर्गात सेमिनार द्यायचाय. ऱ्हो कुळातली छोटी जीटीपेज प्रथिनं (पेशीतले चालू-बंद होणारे खटकेच; ऱ्हो, रॅक, सीडीसी४२ ही त्यातली) हा विषय मी मागून घेतला, कारण पेशी आकार कसा बदलते हे मला मनापासून समजून घ्यायचंय.

इथवर कळलंय: जीटीपी हा छोटा रेणू धरला की प्रथिन सक्रिय, त्यातला एक फॉस्फेट तुटून जीडीपी झालं की निष्क्रिय. जीईएफ नावाची दुसरी प्रथिनं त्याला चालू करतात, जीएपी नावाची बंद करतात. १९९२ मध्ये अ‍ॅन रिडली आणि अ‍ॅलन हॉल यांनी उंदराच्या फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतकाच्या) पेशींत दाखवलं की ऱ्होमुळं पेशीच्या सांगाड्यातल्या अ‍ॅक्टिनचे जाड ताणतंतू तयार होतात आणि रॅकमुळं पेशीच्या कडेला झालरी येतात. सीडीसी४२ मुळं बोटांसारखे बारीक फाटे फुटतात, हे १९९५ मध्ये पुढं आलं.

अडलंय ते असं. जीटीपी तर पेशीत सगळीकडं भरपूर असतं. मग जखमेकडं सरकणाऱ्या पेशीत पुढच्या कडेलाच रॅक आणि शेपटीकडं ऱ्हो, असं कसं होतं? पुस्तकात नुसते बाण आहेत.

दुसरं, वनस्पतींच्या पेशी जागच्या हलत नाहीत. तिथं ही प्रथिनं काय करतात? कापसात जन्म गेलाय, म्हणून विचारते.

पेशीवाला
ताई, प्रश्न अगदी नेमक्या जागी आहे. जीटीपी सगळीकडं असलं तरी जीईएफ सगळीकडं नसतात. माणसात ऱ्हो कुळातली प्रथिनं २० च्या आसपास, पण त्यांना चालू करणारे जीईएफ ८० च्या आसपास आणि बंद करणारे जीएपीही ६० च्या वर. एवढा लवाजमा असतो, कारण प्रथिन कुठं आणि किती वेळ चालू राहील हे तेच ठरवतात. बाहेरचा संकेत ज्या बाजूनं येतो, त्या बाजूच्या पटलावर ठराविक जीईएफ गोळा होतात आणि रॅक तिथंच चालू होतं. बाकीचं बरंचसं रॅक जीडीआय या प्रथिनानं पेशीरसात धरून ठेवलेलं असतं.

पुढं रॅक हे वेव्ह नावाच्या प्रथिन-संकुलामार्फत एआरपी २/३ या दुसऱ्या संकुलाला जागं करतं, अ‍ॅक्टिनला फांद्या फुटतात आणि कडा पुढं ढकलली जाते. मागं ऱ्हो हे रॉक या कायनेजमार्फत (फॉस्फेट जोडणाऱ्या विकरामार्फत) मायोसिन हे ओढणारं प्रथिन आकसवतं, शेपटी ओढली जाते. शिवाय रॅक आणि ऱ्हो बऱ्याच ठिकाणी एकमेकांना दाबतात, त्यामुळं हद्द टिकते. मात्र 'पुढं रॅक, मागं ऱ्हो' ही विभागणी कडक समजू नका. जिवंत पेशीत सेन्सर वापरून पाहिलं तेव्हा पुढच्या कडेलाही ऱ्हो सक्रिय दिसलं. सेमिनारमध्ये हे आवर्जून सांगा.

जाता जाता पेशीच्या वाढीबद्दलही थोडक्यात: पेशीचक्राच्या जी१ टप्प्यातून (विभाजनानंतरच्या वाढीच्या टप्प्यातून) पुढं जायला ही प्रथिनं लागतात, आणि पेशी दुभंगताना मधलं कडं आवळण्यासाठी ऱ्हो.

रुईची_लेक
आभारी आहे दादा. म्हणजे 'चालू की बंद' याइतकंच 'कुठं चालू' हे महत्त्वाचं. आता बाण कळले. कापसाचं कुणी सांगेल का?

बोंड_आणि_पातं
मी सांगते, माझं आवडतं क्षेत्र. वनस्पतींत रॅक आणि सीडीसी४२ अशा वेगळ्या शाखा नाहीत, त्यांचं स्वतःचं रॉप हे कुळ आहे. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपात ११ रॉप आहेत. परागनळीच्या टोकाला रॉप१ सक्रिय असतं आणि नळी त्याच दिशेनं वाढते. मुळावरचा केस कुठून फुटणार, तेही रॉपच ठरवतं. पेशी हलत नाही, पण कुठल्या बाजूनं वाढायचं हा प्रश्न तिलाही असतोच.

आणि कापूस! रुईचा एकेक धागा म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच लांबलेली पेशी. तंतूत जास्त प्रमाणात आढळणारं रॅक१३ हे रॉप कुळातलं प्रथिन १९९५ मध्ये वर्णिलं गेलं. तंतूची लांबी वाढणं सरत येतं आणि आत सेल्युलोजचा जाड थर चढू लागतो, त्या वळणावर त्याचं प्रमाण वाढतं. आपल्या लांब धाग्याच्या वाणांकडं असं पेशीच्या अंगानं पाहणारे विद्यार्थी मराठवाड्यातून यायलाच हवेत.

सेमिनारला एक करा. फूल उमललं त्या दिवशी देठाला दोरा बांधा, दोन-तीन दिवसांनी ते कोवळं बोंड कापून आतली बीजांडं सूक्ष्मदर्शकाखाली बघा. सालीवर उठलेले तंतूंचे कोंब दिसतील, त्याचा फोटो पहिल्या स्लाइडवर लावा.