पम्पकिन स्पाइस क्रीम लिक्योर सायडरमध्ये घातलं आणि फाटलं, आता उरलेल्या बाटलीचं काय काय करता येईल?

मेधा_जर्सी

नमस्कार मंडळी, इकडे पानं लाल-पिवळी व्हायला लागली की सगळ्या दुकानांत पम्पकिन स्पाइसचं काही ना काही येतंच, तशी यंदा मी पम्पकिन स्पाइस क्रीम लिक्योरची (क्रीम आणि मसाला घातलेली गोड दारू) ७५० मिलीची बाटली आणली. वास खूप आवडला, जायफळ आणि दालचिनी अगदी समोर येते, आपल्या मसाला दुधाची आठवण झाली. गेल्या शनिवारी दोन मैत्रिणी घरी आल्या होत्या, आदल्याच दिवशी फार्मवरून ॲपल सायडर आणलेलं होतं (इथलं सायडर म्हणजे सफरचंदाचा न गाळलेला गढूळ रस, दारू नाही), म्हटलं दोन्ही फॉलचेच (पानगळीच्या दिवसांतले) पदार्थ आहेत, एकत्र छान लागतील. सायडर गरम केलं, कपात ओतलं आणि वरून लिक्योर घातलं. आधी कपाच्या कडेला रव्यासारखे पांढरे कण दिसले, ढवळलं तर सरळ चोथा आणि पाणी वेगळं, पनीर करताना होतं तस्सं. तिन्ही कप ओतून दिले आणि फार वाईट वाटलं कारण बाटली स्वस्त नव्हती.

आता थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात १० मोठी माणसं आणि ४ मुलं जेवायला येणार आहेत. मला एक ड्रिंक हवंय जे फार गोडमिट्ट नसेल आणि एक डेझर्ट. दोन जण अंडं खात नाहीत, तीन जण दारू अजिबात घेत नाहीत. आणि उघडलेली बाटली तोपर्यंत टिकते का हेही सांगा, मी ती आत्तापर्यंत कपाटातच ठेवलीय.

केदार_शिकागो

मेधाताई, बाटली खराब नाहीये, काळजी करू नका. मी विद्यार्थी असताना दोन वर्षं बारमध्ये काम केलंय आणि हा प्रकार दर ऑक्टोबरला कुणाकडून तरी व्हायचाच.

क्रीम लिक्योर म्हणजे शेवटी दूधच, एवढं डोक्यात ठेवलं की बाकी सगळं आपोआप सुचतं. दुधातलं केसीन (प्रथिन) पीएच ४.६ च्या आसपास आलं की गोळा होतं (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट), आणि सायडर साधारण साडेतीनच्या घरात असतं, त्यात तुम्ही ते गरम केलं म्हणजे पनीरची पूर्ण कृतीच झाली. म्हणून लिंबू, संत्रं, क्रॅनबेरी, वाईन हे काहीही याच्यात नको. टॉनिक, जिंजर एल, कोला हेसुद्धा नको, लोकांना वाटतं सोडाच तर आहे पण त्यात आम्ल असतं. कॉफीचा पीएच ५ च्या आसपास म्हणजे चालते, फक्त ताजी आणि डार्क रोस्ट घ्या, सकाळची उरलेली आंबट झालेली कॉफी पुन्हा गरम करून घेतलीत तर तीही दगा देऊ शकते.

तुमचं सायडर वाया घालवू नका, ते वेगळं गरम करा, दालचिनीची काडी आणि चार लवंगा टाका, ज्यांना हवी त्यांच्या कपात डार्क रम. ज्यांना नको त्यांना तसंच द्या, तीन जणांचा प्रश्न तिथेच सुटला.

आता ड्रिंक. गोडमिट्ट नको असेल तर एक नियम, लिक्योरमध्ये साखर भरपूर असते म्हणून वरून सिरप, व्हिप्ड क्रीम, कॅरॅमल काहीही घालायचं नाही, त्याच्यासमोर कडू किंवा तिखट काहीतरी उभं करायचं. मी करतो ते असं: बर्बन (अमेरिकन व्हिस्की) ३० मिली, लिक्योर ४५ मिली, मीठ अगदी दोन बोटांच्या चिमटीत येईल तेवढं, ग्लासमध्ये मोठा बर्फ टाकून सावकाश ढवळायचं आणि वर जायफळ ताजं किसायचं. मीठ विसरू नका, त्याने गोडवा खाली बसतो आणि मसाला वर येतो, बिनमिठाचा आणि मिठाचा असे दोन घोट शेजारी शेजारी घेऊन बघा. १० जणांना ३०० मिली बर्बन आणि ४५० मिली लिक्योर, सकाळीच एका मोठ्या जगमध्ये मिसळून फ्रिजमध्ये ठेवून द्या, बर्फ मात्र ओतताना. एक ग्लास म्हणजे अमेरिकन हिशेबाने एका स्टँडर्ड ड्रिंकपेक्षा जरासं जास्त होतं, गोड असल्यामुळे ते कळत नाही आणि माणसं पटापट पितात, गाडी चालवणाऱ्यांना आधी सांगा.

कॉफीवाले लोक असतील तर एस्प्रेसो मार्टिनीच्या धर्तीवर व्होडका ४५, ताजी एस्प्रेसो ३०, लिक्योर ३०, भरपूर बर्फ घालून १५ सेकंद जोरात शेक करा, शेकर हाताला चटका बसेल इतका गार झाला पाहिजे तरच वर फेस येतो. हे मात्र आयत्या वेळी एकेक करावं लागतं म्हणून १० जणांना मी सुचवणार नाही, तुमचा सगळा वेळ किचनमध्ये जाईल.

टिकण्याचं म्हणाल तर बाटलीच्या मागे जे लिहिलंय तेच खरं, ब्रँडप्रमाणे फरक असतो. बेलीज, म्हणजे १९७४ मध्ये आयर्लंडमध्ये आलेलं, ज्याच्यामुळे हा प्रकार जगभर गेला, त्यात १७ टक्के अल्कोहोल असतं आणि त्यामुळेच क्रीम नासत नाही. तरी उघडल्यावर मी कुठलंही क्रीम लिक्योर फ्रिजमध्येच ठेवतो. तुमची आत्ताच ठेवा, आणि ओतण्याआधी हलवा. वास आंबट आला किंवा ओतताना गाठी पडल्या तर टाकून द्या, तिथे पैशाचा विचार करू नका.

वृंदा_ओहायो

मेधा, केदारच्या हिशेबाने ड्रिंकला ४५० गेलं, तीन कपांत थोडं गेलं, म्हणजे तुझ्याकडे अडीचशेच्या आसपास उरेल, त्यात डेझर्ट आरामात होतं.

माझ्याकडे दर वर्षी ब्रेड पुडिंग होतं. दोन दिवसांचा शिळा हाला किंवा ब्रिओश (दोन्ही अंडं घातलेले मऊ पाव) साधारण ४५० ग्रॅम, तुकडे करून ९ बाय १३ इंची ट्रेमध्ये, ५ अंडी, ३ कप दूध, पाऊण कप लिक्योर, पाव कप ब्राऊन शुगर, चिमूटभर मीठ, सगळं फेटून ब्रेडवर ओतायचं आणि निदान अर्धा तास तसंच ठेवायचं, वरून हाताने दाबायचं म्हणजे कोरडा तुकडा राहत नाही. मग ३५० फॅरनहाइटला ४५ मिनिटं. पण यात अंडी आहेत आणि तुझे दोघं खात नाहीत, दोन डेझर्ट करण्यापेक्षा सगळ्यांना चालेल असं एकच कर असं माझं मत.

बिनअंड्याचं तिरामिसू (कॉफीत बुडवलेली बिस्किटं आणि क्रीम यांच्या थरांचं इटालियन डेझर्ट) कर. इथे एक गोष्ट नीट वाच, दुकानात मिळणाऱ्या लेडीफिंगर बिस्किटांत अंडं असतं! मी एकदा क्रीम बिनअंड्याचं करून आनंदाने वाढलं आणि नंतर पाकीट वाचलं, ज्यांना वाढलं त्या काकूंची माफी मागताना मला इतकं लाजिरवाणं झालं की तेव्हापासून प्रत्येक पाकीट वाचते. त्याऐवजी मारी बिस्किटं घे, इंडियन स्टोअरमध्ये मिळतातच. ८ बाय ८ इंची ट्रे, मस्कारपोने (मऊ इटालियन क्रीम चीज) २२५ ग्रॅम, हेवी क्रीम १ कप, पिठीसाखर २ मोठे चमचे, लिक्योर ३ मोठे चमचे. क्रीम आधी वेगळं घट्ट फेटायचं, मस्कारपोने चमच्याने नुसतं मऊ करून त्यात लिक्योर मिसळायचं (मिक्सर लावू नकोस, जास्त फेटलं की तूप सुटल्यासारखं होतं), मग दोन्ही हलक्या हाताने एकत्र. एक कप कडक गार कॉफीत पाव कप लिक्योर घाल, त्यात मारी एकच सेकंद बुडवायचं, दोन झाले की ते तुटून खाली पडतं. थर लाव, रात्रभर फ्रिजमध्ये, सकाळी वर कोको आणि किंचित दालचिनी. १४ जणांना हवं तर दोन ट्रे कर.

आणि दुसरा ट्रे मुलांचा कर, त्यात लिक्योर अजिबात नाही, कॉफीऐवजी कोकोचं दूध. हे मी कळकळीने सांगतेय कारण पुष्कळ जणींना वाटतं डेझर्टमध्ये घातलं की दारू उडून जाते. तिरामिसूला तर आचच लागत नाही म्हणजे जवळपास सगळी तशीच राहते, आणि भाजलेल्या पदार्थातही पूर्ण उडत नाही, अमेरिकन कृषी खात्याचा तक्ता आहे त्यात अर्धा तास भाजल्यावरही ३५ टक्के आणि तासाभरानंतर २५ टक्के राहते असं दिलंय. त्यामुळे लहान मुलं, गरोदर बाई, औषधं चालू असलेली माणसं, न घेणारे, सगळ्यांसाठी वेगळा ट्रे आणि त्यावर ठळक चिठ्ठी.

शर्वरी_पुणे

मस्त धागा आहे! इकडे पुण्यात ही पम्पकिनवाली बाटली मला कुठे दिसली नाही, साधं आयरिश क्रीम मिळतं पण किंमत बघून हात मागे घेतला. मी घरी करते ते सांगते, बघा उपयोग झाला तर. फ्रेश क्रीम २०० मिली, कंडेन्स्ड मिल्क अर्धा टिन म्हणजे २०० ग्रॅम, डार्क रम २०० मिली, कडक काळी कॉफी एक चमचा. मसाला म्हणजे दालचिनी पूड १ छोटा चमचा, सुंठ पाव चमचा, जायफळ तेवढंच, लवंग पूड सुरीच्या टोकावर राहील एवढी. मसाला आधी रममध्ये रात्रभर भिजवायचा आणि सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यायचा, नाहीतर जिभेवर भुकटी लागते. मिक्सरमध्ये फिरवू नका, क्रीमचं लोणी होतं, हातानेच ढवळा. फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवायचं, हे घरचं आहे, कंपनीच्या बाटलीसारखं टिकणार नाही.

मला एक विचारायचंय, बाटलीत खरंच भोपळा असतो का? आणि ऑलस्पाइस म्हणजे नेमकं काय, आपल्या गरम मसाल्यासारखं मिश्रण का?

वृंदा_ओहायो

शर्वरी, ऑलस्पाइस हे मिश्रण नाही गं, एकाच झाडाचं वाळवलेलं छोटं फळ असतं, जमैकाचं प्रसिद्ध आहे, वासाला लवंग-जायफळ-दालचिनी एकत्र वाटतात म्हणून ते नाव पडलं. नसेल तर लवंग कणभर वाढव. आणि पम्पकिन स्पाइस म्हणजे भोपळा नव्हेच, भोपळ्याच्या पायमध्ये घालायचा मसाला. मॅकॉर्मिक या अमेरिकन मसाला कंपनीने १९३४ मध्ये तो तयार डबीत विकायला सुरुवात केली, आणि स्टारबक्सचं पम्पकिन स्पाइस लाटे २००३ मध्ये आलं, त्यात खरा भोपळा घातला २०१५ मध्ये! म्हणजे इतकी वर्षं लोक मसाल्याच्याच प्रेमात होते आणि मला त्यात काही नवल वाटत नाही, आपणही श्रीखंडात जायफळ नसलं तर तोंड वाकडं करतोच की.

भोपळ्यावरून आठवलं, मेधा तुला घारगे येतात ना? लिबीज कंपनीचा टिनमधला भोपळा ज्या जातीचा असतो तो डिकिन्सन, त्याची शेती मुख्यतः इलिनॉयमध्ये, मॉर्टन गावाच्या आसपास. तो आणि बटरनट दोन्ही आपल्या लाल भोपळ्याच्या फार जवळचे, गर घट्ट आणि गोड. हॅलोवीनला कोरतात तो केशरी भोपळा घेऊ नकोस, तो पाणचट आणि धाग्याधाग्याचा. मी बटरनट किसून गुळात शिजवते, कणीक मावेल तेवढी, चिमूट मीठ, आणि छोटे छोटे घारगे तळते. गरम घारग्यावर थंड लिक्योरचा एक चमचा ओतला की गूळ, जायफळ आणि क्रीम असं काही जमून येतं की मला तिरामिसूपेक्षाही ते जास्त आवडतं. मुलांना तेच घारगे नुसत्या तुपाबरोबर.

अनिलकाका_ठाणे

मी स्वतः घेत नाही, पण कुणी घ्यावं न घ्यावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. मेधा, एकच सांगावंसं वाटतं, जे घेत नाहीत त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास देऊन त्यांना बाजूला बसवू नकोस. मी माझ्या मुलाकडे डॅलसला गेलो होतो तेव्हा एका घरी माझ्यासाठी मुद्दाम मसाला दूध आटवलेलं होतं, बदाम, केशर, वेलदोडा, जायफळ, आणि सगळ्यांसारख्याच काचेच्या ग्लासात वर जायफळ किसून दिलं. त्या मुलीचं नाव आठवत नाही पण तो ग्लास आठवतो. एक लिटर दूध पाऊण होईपर्यंत आटव, साखर बेताची, गार कर, तुझ्या ड्रिंकच्या शेजारीच ठेव.

दिवाळीच्या फराळात मात्र ही बाटली नको, थँक्सगिव्हिंगला ठेवलीस ते बरं केलंस.

मेधा_जर्सी

सगळ्यांचे मनापासून आभार. बाटली कालच फ्रिजमध्ये गेली. आज संध्याकाळी केदारचं बर्बनवालं एक ग्लास करून आम्ही दोघांनी चाखलं, आधी बिनमिठाचं मग मिठाचं, आणि खरंच फरक पडतो, मीठ घातल्यावर लवंग एकदम पुढे आली. नवऱ्याला आधी फार गोड वाटत होतं, मीठ आणि आणखी एक बर्फाचा खडा पडल्यावर त्याने ग्लास माझ्याकडे परतच दिला नाही.

काका, मसाला दूध नक्की. तुम्ही म्हणता तसं त्याच ग्लासांत देणार, माझ्याकडे सारखे १४ ग्लास आहेत.

वृंदा, घारगे आदल्या दिवशी तळून ठेवले तर चालतील का? ओव्हनमध्ये त्या दिवशी टर्की असणार आणि गॅसवर बाकी सगळं.

वृंदा_ओहायो

चालतील, दोन-तीन दिवस छान राहतात. फक्त कणीक भिजवताना पाणी अजिबात घालू नकोस, भोपळ्याच्या ओलाव्यातच मळ, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नकोस, वाफ धरली की चिवट होतात. वाढायच्या आधी तव्यावर मंद आचेवर एकेक मिनिट दोन्हीकडून, तेवढा एक बर्नर मोकळा ठेव.