लॅपटॉप मिटून उघडला की पडद्यावर कळांचे ठसे दिसतात. ते कसे काढावेत?

शाईदौत यांचा प्रश्न

नमस्कार. मी मुद्रितशोधनाचे काम घरूनच करते आणि दिवसाचे सात-आठ तास लॅपटॉपसमोर असते. माझ्या लॅपटॉपचा पडदा मॅट आहे. गेल्या काही महिन्यांपासून पडद्यावर कळांच्या कडा चौकोनी ठशांसारख्या उमटू लागल्या आहेत, स्पेसबारची आडवी रेघ तर काम करतानाही नजरेत येते, आणि एखाद्या अक्षरावर दिसणारा ठिपका अनुस्वार आहे की धुळीचा कण, हे पाहण्यासाठी पान वरखाली सरकवावे लागते. जुन्या सुती साडीच्या तुकड्याने कोरडे पुसून पाहिले, पण ठसे गेले नाहीत, नुसते पसरले. घरात खिडक्यांच्या काचा पुसण्याचे द्रावण आणि हातांचे सॅनिटायझर आहे. त्यांपैकी काही चालेल का? शिवाय नेहमीच्या वापरातल्या कळा तेलकट चमकतात, त्या पूर्वीसारख्या होतील का?

पेचकस यांचे उत्तर

लॅपटॉप दुरुस्तीच्या कामात असे पडदे माझ्यासमोर नेहमी येतात. ठसे पडद्यावर दिसत असले तरी त्यांचे मूळ कीबोर्डात असते. झाकण मिटल्यावर कळा आणि पडदा यांच्यात अगदी थोडी जागा उरते; सॅकमध्ये वह्यापुस्तकांच्या दाबाने झाकण किंचित आत वाकते आणि बोटांचे जे तेल कळांवर साचलेले असते ते पडद्याला लागते. म्हणून नुसता पडदा पुसलात तर चार दिवसांत ठसे परत येतील. दोन्ही एकाच बैठकीत स्वच्छ करा.

घरातली ती दोन्ही द्रावणे मात्र कृपया वापरू नका. काच पुसण्याच्या अनेक द्रावणांत अमोनिया असतो आणि तो पडद्यावरच्या लेपाला मारक ठरतो. सॅनिटायझरमध्ये त्वचा कोरडी पडू नये म्हणून बहुधा ग्लिसरीन घातलेले असते (जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रातही ते १.४५ टक्के आहे), आणि अल्कोहोल उडून गेले तरी ते चिकट थराच्या रूपाने मागे राहते. नेलपॉलिश काढण्याचे अ‍ॅसिटोन तर पडद्याजवळही आणू नका.

लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढा आणि पडदा थंड होऊ द्या, कारण गरम पडद्यावर पाणी भराभर सुकते आणि ओघळ उमटतात. आधी कोरड्या मायक्रोफायबरने धूळ अलगद काढा. ही पायरी गाळली तर बारीक खडा ओल्या कापडाबरोबर पडद्यावर घासला जातो आणि सफाई करतानाच ओरखडा पडतो. मग कापडाचा कोपरा पाण्याने जेमतेम ओलसर करून न दाबता पुसा. पाणी कापडावरच घ्यावे. पडद्यावर फवारलेले पाणी खालच्या पट्टीच्या आत उतरते, आणि पडद्याचे सर्किट बहुतेक लॅपटॉपमध्ये तिथेच असते.

इतके करूनही एखादी रेघ तशीच राहिली, तर बंद पडद्यावर तिरका टॉर्च धरून पाहा. ठसा तेलाचा असेल तर ओल्या कापडाने तो हलतो. हलत नसेल तर कळांनी घासून मॅट पृष्ठभाग झिजला आहे आणि तो कोणत्याही द्रावणाने भरून येणार नाही. अशा रेघेवर पुनःपुन्हा घासू नका.

रांजण यांचे उत्तर

पाण्याबद्दल एक गोष्ट जोडतो. आमच्याकडे मराठवाड्यात बोअरचे पाणी इतके जड आहे की त्याने पुसलेल्या काचेवर सुकल्यानंतर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात, आणि नवे डाग पडले असे वाटून माणूस आणखी घासत बसतो. बॅटरीत घालण्यासाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर आणा. एक बाटली वर्षभर पुरते. मायक्रोफायबर धुताना कपडे मऊ करणारे द्रव घालू नका, त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि कापड डाग उचलण्याऐवजी पसरवते.

कळफलक यांचे उत्तर

कळांच्या चमकेचे उत्तर थोडे निराशेचे आहे. बऱ्याच कीबोर्डांच्या कळा एबीएस प्लास्टिकच्या असतात आणि त्यांचा खरखरीतपणा बोटांच्या घर्षणाने झिजून पृष्ठभाग गुळगुळीत होतो. साचलेले तेल काढल्यावर चमक थोडी कमी होईल, पण उरलेली चमक ही झीज आहे. तेलासाठी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडाला लावून कळांचे माथे पुसा. अ‍ॅपलच्या सूचनांत हे प्रमाण कीबोर्डसाठी चालते असे म्हटले आहे. इतर कंपन्यांच्या लॅपटॉपसाठी त्यांची पुस्तिका पाहावी. फटींतला कचरा लॅपटॉप तिरपा धरून मऊ कुंचल्याने झाडा. कळा उपसून काढू नका, खालच्या कात्रीसारख्या पट्ट्या फार नाजूक असतात.

शाईदौत

सर्वांचे मनापासून आभार. मिटताना मध्ये पातळ रुमाल ठेवला तर ठसे टळतील का?

पेचकस

रुमाल नको. कॅमेऱ्यावर झाकणी लावायचीच असेल तर ती ०.१ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साध्या छपाईच्या कागदापेक्षा, जाड नसावी असे अ‍ॅपल सांगते; यावरून मधली जागा किती थोडी असते ते लक्षात येईल. घडी पडलेल्या रुमालाने पडदा तडकू शकतो. सिलिकॉनचे कीबोर्ड कव्हर वापरत असाल तर तेही मिटण्यापूर्वी काढावे. त्यापेक्षा काम संपल्यावर कळांवरून कोरडे कापड फिरवा, आणि डोक्याला तेल लावल्यावर किंवा चिवडा खाल्ल्यावर हात धुऊनच बसा.

शाईदौत

कळवायला आठवडा लागला. कळा आधी पुसल्या, मग डिस्टिल्ड वॉटरने पडदा दोनदा पुसला. चौकोनी ठसे पूर्ण गेले आणि आठ दिवसांत परतले नाहीत. स्पेसबारची रेघ मात्र झीज निघाली. पडदा बंद करून टॉर्च धरला की ती दिसते, पण तिच्याभोवतीचे तेल गेल्यामुळे काम करताना आता जाणवत नाही.