.३२ रिव्हॉल्व्हरची काडतुसं भरवशाची आहेत का, हे तपासायचं कसं? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी ग्वाल्हेरची, लष्कर भागात राहते. यजमान जाऊन दोन वर्षं झाली. त्यांचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर वारस म्हणून माझ्या परवान्यावर आलं. सहा गोळ्यांचं, नळी खाली मोडून उघडतं तसलं जुन्या पद्धतीचं. डबऱ्याकडे आमची भातशेती आहे. कापणीच्या दिवसांत मी आणि सासूबाई आठ-दहा दिवस तिथल्या घरी असतो. गेल्या कार्तिकात रात्री दोनच्या सुमारास कुणीतरी मोटरच्या खोलीचं कुलूप तोडलं. मी कपाटातून रिव्हॉल्व्हर काढून दाराशी बसून राहिले. गडी उठले, माणसं पळाली, काही घडलं नाही. पण त्या तासाभरात एकच प्रश्न मनात होता, की वेळ आली तर हे वाजेल का?

काडतुसं यजमानांच्या वेळची, चामड्याच्या पट्ट्यात लावून ठेवलेली. पट्ट्यातून एक काढून पाहिलं, तर पितळेवर हिरवट चिकट थर. कापडाने पुसला तर निघाला, पण जिथे चामड्याचा वेढा होता तिथे काळी रेघ राहिलीच. अशी १९ होती.

गेल्या महिन्यात नेमबाजीच्या रेंजवर त्यातली १२ झाडली. शेतात झाडून बघ असं दिरांनी सुचवलं होतं, मी साफ नकार दिला. आमच्या भागात लग्नातल्या हर्षफायरने किती घरं उजाडली आहेत ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीपासून तर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. असो. बारापैकी दोन मिस झाली. घोडा पडला, टक् आवाज आला, बस्स. शिकवणाऱ्या काकांनी नळी निशाण्याकडेच धरून अर्धा मिनिट थांबायला लावलं. दोन्ही काडतुसं दुसऱ्या ठोक्याला वाजली. आणखी एकाचा आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर काका जवळजवळ ओरडलेच, "ताई, थांबा!" रिव्हॉल्व्हर उघडून रिकामं केलं, मागून बॅटरी मारून नळीतून पाहिलं. नळी साफ होती. गोळी आत अडकली असती आणि मी पुढची झाडली असती तर नळी फुटली असती, हे मला तेव्हा कळलं.

माझ्या परवान्यावर वर्षाला ५० काडतुसं आहेत. त्यातली तपासण्यात किती घालवायची? दोष काडतुसांचा की रिव्हॉल्व्हरचा, हे घरबसल्या कसं ओळखायचं? आणि अमेरिकेतले लोक जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळ्या मारून दाखवतात, त्याचा मला काही उपयोग आहे का? कृपया अनुभवी लोकांनी सांगावं.

प्रतिसाद

ताई, मी बडोद्याचा. नोकरीची बरीच वर्षं शस्त्रागारात गेली, त्यावरून सांगतो.

जिलेटिनचं आधी बाजूला ठेवा. ती परीक्षा खोटी नाही. १९८६ साली मायामीत एफबीआयच्या लोकांची जी चकमक झाली, तिच्यानंतर त्यांनी ही पद्धत पक्की केली. १० टक्के जिलेटिन, ४ अंश सेल्सिअसला थंड, त्यावर जाड कपड्यांचे थर, आणि गोळी १२ ते १८ इंच आत जाते का ते बघायचं. पण ठोकळा नीट जमलाय की नाही हे छऱ्याने तपासावं लागतं. थोडा गरम झाला तरी आकडे चुकतात. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात ते कुठे जमणार? शिवाय बहुतेक व्हिडिओ .३८ आणि ९ मिमीचे, जे आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहेत, म्हणजे सामान्य माणसाला त्यांचा परवाना मिळत नाही. तुमच्या .३२ लाँगची, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या .३२ काडतुसाची, साधी शिशाची गोळी मुळातच मंद. ती आत जाऊन पसरून फुलेल अशी वाट बघू नका. तुमच्यासाठी खरी परीक्षा एकच, प्रत्येक वेळी वाजते का आणि बघाल तिथे लागते का.

दुसऱ्या ठोक्याला वाजली, ही तुमच्या पोस्टमधली सगळ्यात कामाची गोष्ट. तेल किंवा ओल टोपीत (काडतुसाच्या बुडातला, मार बसला की पेटणारा भाग) शिरली असती तर ती सहसा दुसऱ्यांदाही वाजली नसती. म्हणजे टोपी पूर्ण बसलेली नव्हती, किंवा घोड्याचा मार कमी पडतोय. नुसता चाप ओढून झाडता तेव्हा पुष्कळ रिव्हॉल्व्हरमध्ये मार हलका बसतो. तर असं करा. नवीन २५ घ्या, एकाच लॉटची. सहा घोडा हाताने चढवून, सहा नुसता चाप ओढून झाडा. पुंगळ्या (झाडून झालेली रिकामी काडतुसं) दोन डब्यांत वेगळ्या ठेवा आणि बुडावरचे माराचे खड्डे शेजारी शेजारी धरून बघा. बाकीची कपाटात, पण चामड्यात नाही. चामडं कमावताना जी द्रव्यं वापरतात ती पितळ खातात.

दुकानात .३२ एवढंच म्हणू नका, रिव्हॉल्व्हरचं म्हणा. पिस्तुलाचं .३२ वेगळं, त्याचा दाब जास्त. ते तुमच्या चक्रीत बसलं तरी वापरायचं नाही.

धागाकर्ती

दादा, काल सांगितलंत तसंच केलं. घोडा चढवून सहाच्या सहा वाजली. चाप ओढून सहातली एक मिस, तीही कोऱ्या पेटीतली! खड्डे उन्हात धरून पाहिले. एका डब्यातले खोल, कडा ठळक. दुसऱ्यातले उथळ, आणि मिस झालेल्यावर तर नखाने जेमतेम जाणवेल एवढाच. इतके दिवस मी काडतुसांवर संशय घेत होते. परवानाधारक कारागिराला दाखवलं, तो म्हणाला घोड्याची स्प्रिंग थकली आहे, बदलावी लागेल.

स्प्रिंग बदलल्यावर पुन्हा बारा झाडावीत, की चाप ओढून सहा पुरतील? आणि पट्ट्यातली उरलेली सात दुकानदाराकडे जमा करता येतात की ठाण्यातच द्यावी लागतात? कापणीला दीड महिना आहे, तोवर हे मार्गी लावायचं आहे.