मदत हवी आहे: 'ट्रेन टू बुसान'चा दुसरा भाग लेकीबरोबर बघू का?

नमस्कार मंडळी. मी डिचोलीचा, मालवाहू जहाजावर फिटर आहे. सध्या सुट्टीवर घरी आहे, पुढच्या आठवड्यात परत जायचं. त्याआधी एक गोष्ट ठरवायची आहे. खाली दोन्ही चित्रपटांची गोष्ट फुटेल, न पाहिलेल्यांनी इथेच थांबावं.

माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीने गेल्या महिन्यात हट्टाने मला २०१६चा 'ट्रेन टू बुसान' हा कोरियन चित्रपट दाखवला. झोंबी (माणसांना चावत सुटणारी चालती प्रेतं), रक्त, किंचाळ्या असलं मी कधी बघत नाही. बाहेर पाऊस कोसळत होता, वीज गेलेली, इन्व्हर्टरवर टीव्ही चालू. म्हटलं अर्धा तास बसू आणि उठू. उठलोच नाही.

त्यातला बाप शेअर बाजारात पैसा फिरवणारा. लेकीला वाढदिवसाला गेमचं मशीन देतो, आणि तेच मशीन त्यानेच तिला आधी एकदा दिलेलं असतं. शाळेच्या कार्यक्रमात ती गाणं मध्येच सोडते, कारण ज्याच्यासाठी ते बसवलं तो आलेलाच नसतो. इथे माझ्या लेकीने चित्रपट थांबवला आणि पाणी आणायला गेली. तिच्या गॅदरिंगचं नाट्यगीत मी भर समुद्रात मोबाइलवर पाहिलं होतं, तेही चार दिवसांनी. ती काही बोलली नाही, मीही नाही. शेवटी तेच गाणं ती पोर बोगद्याच्या अंधारात रडत रडत पूर्ण करते आणि त्यामुळेच पलीकडचे सैनिक बंदुका खाली घेतात. मी तोंडावर टॉवेल धरून बसलो होतो.

नंतर मेडिकलसाठी मुंबईला जाताना तिलाही नेलं. थिवीला मांडवी एक्सप्रेस पकडली. रत्नागिरीच्या पुढे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला तशी ती कानाशी येऊन कुजबुजली, "पप्पा, आता हलायचं नाही हां." (चित्रपटात अंधारात झोंबींना दिसत नाही, म्हणून माणसं सामानाच्या फळ्यांवरून सरपटत पुढचा डबा गाठतात.) इतक्या वर्षांत आम्हा दोघांचं असं काही नव्हतं.

आता तिला त्याचा दुसरा भाग, २०२०चा 'पेनिन्सुला', माझ्याबरोबर बघायचा आहे. दिग्दर्शक तोच, यॉन सांग-हो. काल रात्री ती झोपल्यावर मी आधी एकटाच लावून बघितला. सुरुवातच जहाजावर. देश सोडून पळणारी माणसं, खाली एकाला संसर्ग झालेला, आणि नायक आपल्या बहिणीला आणि भाच्याला आत ठेवून दार लावून घेतो. मी तिथेच बंद केला. अशा दारांच्या आत माझे वर्षातले आठ-नऊ महिने जातात. मी निघायच्या तोंडावर पोरीने हे बघावं का?

ज्यांनी पूर्ण पाहिलाय त्यांनी सांगा: पुढेही असंच आहे का? पहिल्यातली माया दुसऱ्यात आहे का, की नुसती मारामारी? आणि नसेल तर पहिल्याची चव जाईल का? मला सर्वांत जास्त भीती त्याची आहे.

प्रतिसाद १ (म्हापसा)

दादा, स्पष्ट सांगतो, पहिल्याची सर दुसऱ्याला नाही. पहिल्याची ताकद त्या गाडीत होती. अरुंद डबे, बंद दरवाजे, एकेका डब्यासाठी झगडा. दुसऱ्यात चार वर्षं उलटलेली आहेत, देश ओसाड, आणि नायक दोन कोटी डॉलरने भरलेला ट्रक आणायला परत जातो. मग रात्रीच्या अंधारात मोटारींचा पाठलाग, तोही बराचसा संगणकावर केलेला, आणि ते डोळ्यांना कळतं. पहिल्यातलं एकही पात्र इथे नाही. सैनिकांची एक बिघडलेली तुकडी पकडलेल्या माणसांना झोंबींसमोर सोडून खेळ बघते, तो भाग अंगावर येतो.

पण वाया गेलेला नाही. एक आई आणि तिच्या दोन मुली आहेत. थोरली गाडी अशी हाणते की बघत राहावं, आणि धाकटी रिमोटच्या खेळण्यातल्या गाड्या लखलखवून झोंबींना भुलवते. पोरीला ते नक्की आवडेल. सुरुवातीला दार लावून घेणारा तो माणूस शेवटी काय करतो, हेही बघण्यासारखं आहे. आई वाचते. पहिल्याचा पुढचा भाग म्हणून बघू नका, वेगळीच गोष्ट म्हणून बघा, म्हणजे पहिल्याची चव जाणार नाही.

प्रतिसाद २ (फोंडा)

भाऊ, माझे यजमानही बोटीवर आहेत, म्हणून लिहिते. तो जहाजाचा प्रसंग तिला आधी तोंडी सांगा. अचानक समोर आला तर ती तुम्ही गेल्यावर रात्री आठवत बसेल. आमच्या मुलाला मी समुद्रातल्या वादळाच्या बातम्यांचंही आधी सांगून ठेवते.

आणि एक, तिने 'सोल स्टेशन' मागितला तर सध्या नको म्हणा. त्याच दिग्दर्शकाचा २०१६चाच ॲनिमेशनपट, पहिल्याच्या आधीची गोष्ट. कार्टून म्हणून पोरं लावतात, पण त्याचा शेवट बाप-लेकीच्या शोधावरच घाव घालतो. बघून मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ताई, तुम्ही सांगितलंत तसंच केलं. आज संध्याकाळी चहाला बसलो तेव्हा तिला जहाजाचं सांगितलं. ती बशीतली पोळी मोडत म्हणाली, "ते मी बघितलंय पप्पा. मैत्रिणीच्या मोबाइलवर. तिथेच बंद केला. पुढचं तुझ्याबरोबर बघायचं होतं."

शनिवारी रात्री लावतोय. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालून ठेवलं आहे.