रशियन नावांचे किस्से : या, लिहा!

गवतीचहा :
माळा आवरताना वोल्गोग्रादच्या हॉस्टेलचा प्रोपुस्क सापडला. पास हो, दारावरच्या आजीला रोज दाखवायचा. त्यात तिसरा रकाना ओत्चेस्त्वो, म्हणजे बापाचं नाव. पहिल्याच आठवड्यात ॲनाटॉमीच्या बाईंना मी नुसतं 'गालिना' म्हणालो. खडू फळ्यावरच थांबला. शेजारचा कुजबुजला, 'पेत्रोव्ना जोड, पेत्रोव्ना!' तिथे सर-मॅडम नाहीच. नाव अधिक बापाचं नाव, हेच त्यांचं 'अहो'. बाईंनी शांतपणे माझ्या वडिलांचं नाव विचारलं, आणि मी सहा वर्षं वसंतोविच, म्हणजे वसंताचा मुलगा, झालो. अण्णांना पत्रात कळवलं, तर पत्र खिशात घालून गावभर फिरले.

झुणकाभाकर :
आमचे तीर्थरूप धोंडिबा. धोंडिबोविच?? बरं झालं पुण्यातच शिकलो.

गवतीचहा :
निकिताचा मुलगा निकितिच होतो, त्या चालीवर तुम्ही धोंडिबिच.

मोरजीकर :
निकितावरून आठवलं. शॅकवर लेकीला हाक मारली 'निकिताऽऽ', तर टेबलावरचे रशियन खो खो हसायला लागले. तिकडे ते बाप्याचं नाव! सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह निकिताच की. लेकीला अजून सांगितलेलं नाही.

कुंदा_व :
मी रशियन कादंबरी वाचताना अलेक्सांद्र, साशा, शुरा आणि सान सानिच अशी चार माणसं धरून चालले होते. शंभर पानांनंतर कळलं, एकच इसम. सान सानिच म्हणजे अलेक्सांद्र अलेक्सांद्रोविच घाईत म्हटलेलं. त्यात साशा मुलगीही असते. आणि साश्का म्हणजे आपलं गण्या, बाळ्या; लाड की राग ते सुरावरून ओळखायचं.

प्रवासीपक्षी :
नवरा इवानोव, बायको इवानोवा. ऑफिसातल्या नव्या पोरानं 'स्पेलिंग चुकलंय' म्हणून बाईंचा शेवटचा 'आ' उडवला. तिकीट बदलायचे पैसे माझ्या खिशातून.

सुमेधा_ठाणे :
वसंतोविच वाचून भरून आलं. लग्नात माझं मधलं नाव बदललं, आता लग्नाआधीची एफडी मोडायला बँकेत तीन खेटे झाले. तिकडे आडनाव बदललं तरी बापाचं नाव बाईकडेच राहतं ना? वसंतोव्ना ती वसंतोव्नाच.

गवतीचहा :
हो, मरेपर्यंत.

झुणकाभाकर :
सुमेधाताई, लग्नाचा दाखला जोडलात का? आमच्या हिचं त्यावर झालं.

सुमेधा_ठाणे :
जोडलाय हो, आता गॅझेट मागतायत. थांबा, चौथी शिट्टी झाली.